तिसऱ्या दिवसाचं वाडगं

आठवा महिना, अठरावा दिवस

वुनसेनच्या वडिलांना,

अक्षर बघून दचकला असाल. हे बाजारातल्या लेखनिकाचं नव्हे, माझंच आहे. बावीस वर्षं तो म्हातारा माझ्या नावानं तुम्हाला लिहीत आला, 'पाठवलेलं पोचलं. घरी सगळे खुशाल. परदेशी प्रकृतीला जपावे.' तीनच वाक्यं. सासूबाई गेल्या तेव्हा चौथं घातलं. मी त्याच्या बाकावर बसायचे, मागे सात-आठ जणी आपल्या पाळीची वाट बघत उभ्या, आणि प्रत्येकीचं पत्र तेच. पत्रांची अदलाबदल झाली असती तरी तिकडे पिनांगला कोणाच्याही लक्षात आलं नसतं.

अक्षरं मी वुनसेनबरोबर शिकले. तो शाळेतून येऊन चुलीपुढे धडा घोकायचा आणि मी भाजी निवडता निवडता बघायचे. एक दिवस म्हणाला, "आई, नुसतं बघता काय, काढा की." मग राखेत बोटानं काढायला लागले. चुका असतील त्या पदरात घ्या.

तुमचं पत्र फान काकांनी परवा आणून दिलं. ते म्हातारे झाले, पण अजून वर्षातून तीन खेपा समुद्रापार करतात. आता दहाव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी निघणार, तोवर मला लिहायला भरपूर वेळ आहे. वेळच वेळ आहे.

तुम्ही लिहिलंत: वुनसेन एकोणीस वर्षांचा झाला, दुकान सोडून त्याला येता येणार नाही. तिकडेच एखादी चांगल्या घरची मुलगी बघ आणि वर्ष सरायच्या आत कोंबड्याबरोबर लग्न लावून तिला घरात घे. पितरांपुढे उदबत्ती लावायला माणूस होईल आणि तुलाही सोबत होईल.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. 'सोबत' या शब्दापाशी तर मी दोनदा थांबले. आपल्या बाजूच्या सहा खोल्यांत आता एकच चूल पेटते. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली, वुनसेनला तुमच्याकडे येऊन दोन. अंगणापलीकडे थोरल्या जाऊबाई आहेत, पण त्यांच्याशी बोलणं म्हणजे आपणच विस्तव ओंजळीत घेणं. वुनसेन मुळात त्यांच्या पोटचा. आपल्याला मूल नाही म्हणून तो पाच वर्षांचा असताना त्यांनी तो आपल्याला वारस म्हणून दिला. ते देणं त्या अजून रोज मला ऐकवतात. त्यामुळे दिवसभरात मी मोठ्यानं बोलते ती फक्त बदकांशी.

आता मी सासू होणार. सासूबाईंसारखी नाही होणार, एवढं लिहून ठेवते. आठवतंय ना, तुमच्या जागी कोंबडा उभा करून माझं लग्न लावलं होतं? तुम्हाला कसं आठवणार, तुम्ही नव्हतातच. तुमच्या चुलतभावानं त्याला काखेत धरला होता, गळ्यात लाल फीत. मी पितरांना वाकले तेव्हा त्यानं कोंबड्याची मानही खाली दाबली. मग लाल दोरीनं त्याला पलंगाच्या पायाशी बांधला. नवऱ्याच्या जागचा कोंबडा, त्याला कापायचं नाही, मरेपर्यंत पोसायचा. सहा वर्षं पोसला. रोज पहाटे सासूबाई बाहेरून ओरडायच्या, "ऊठ गं, तुझा नवरा आरवतोय!" गावभर हसायचे. मीही हसायचे. अठरा वर्षांची होते, हसले नसते तर काय केलं असतं?

येन मावशीला उद्या बोलावलंय. सोयरीक जुळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

त्याच गाठोड्यातून वुनसेननं मला लोकरीचे मोजे पाठवलेत. एका मोज्यात चिठ्ठी होती. ती त्यानं आईला लिहिली आहे, तिचं काय ते मी बघते.

सुनमोई

नववा महिना, दहावा दिवस

वुनसेनच्या वडिलांना,

काल डोंगरावर जाऊन सासूसासऱ्यांच्या थडग्यांवरचं गवत काढलं. तुमच्या वाटची उदबत्ती मी लावली. दरवर्षी लावते, पण लेखनिकाच्या तीन वाक्यांत ते कधी बसलं नाही.

मुलगी बघितली. नदीपलीकडच्या गावची, याखिम नाव, वय सतरा. सावत्र आई आहे. येन मावशी म्हणाली होती, "रंगानं सावळी, पण हाडापेरानं मजबूत. भात कांडते, विणते. तोंड मात्र जरा चालतं, ते तुम्ही बंद करा." मी म्हटलं, "चालू दे. आमच्या घरात दुसरं चालतं तरी काय?"

तिनं चहा आणला. मुलाच्या आईनं पेला रिकामा केला तर मुलगी पसंत. मी दोन पेले रिकामे केले. सावत्र आई खुशीत आत भजी तळायला गेली, तशी पोरगी हळूच जवळ सरकली.

"काकू, खरंच कोंबड्याशी लग्न लावणार?"

"हो गं."

"मग बरंय. आमच्या शेजारच्या आक्काचा नवरा घरीच असतो. त्यानं तिचा दात पाडला. कोंबडा फार तर चोच मारेल."

मला इतकं हसू आलं की पेला हिंदकळला. तिनं बाहीतून सुतळी काढली आणि माझ्या पावलाचं माप घेतलं. सुनेनं सासूसाठी जोडे शिवून आणायचे असतात, पण ते पसंतीनंतर. ही बया आधीच तयारीत. म्हणाली, "तुमचा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे, काकू. कोणी सांगितलं नाही का?"

चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या पायाकडे बघतंय कोण?

मग तिनं विचारलं, "तुमचे यजमान दिसायला कसे आहेत?"

मी म्हटलं, "उंच आहेत." तुम्हाला मी सगळे मिळून एकोणीस दिवस बघितलंय. सोळा वर्षांपूर्वी, मामंजी गेले तेव्हा तुम्ही आलात. आदल्याच हिवाळ्यात कोंबडा मेला होता. मी अंगणात मुळा वाळत घालत होते. तुम्ही दारात ट्रंक ठेवलीत आणि मला म्हणालात, "वहिनी, घरात कोण आहे?"

मी म्हटलं, "मीच आहे."

त्यावर तुम्ही घाम पुसलात. थोरल्या जाऊबाई खिडकीतून सगळं बघत होत्या. "अगं बाई, नवऱ्यानं बायकोला वहिनी म्हटलं!" हे त्यांनी पुढे दोन वर्षं पाणवठ्यावर पुरवून पुरवून सांगितलं. तुम्हाला मी दोष देत नाही. तुम्ही मला कधी बघितलेलंच नव्हतं. सुतकातल्या मुलानं बायकोच्या खोलीत जायचं नसतं, म्हणून तुम्ही दिवाणखान्यात शवपेटीशेजारी पेंढ्यावर झोपलात. एकोणपन्नास दिवसांचं सुतक फिटायच्या आत तुमचं जहाज होतं. मी तुम्हाला एकोणीस दिवस वाढलं. तुम्ही एकदाच बोललात, "भाजीत मीठ बेताचं घाल." तेव्हापासून मी मीठ बेताचंच घालते.

असो. मुलगी पसंत आहे. बावीस तारखेला तिची पत्रिका येईल.

सुनमोई

नववा महिना, बाविसावा दिवस

पत्रिका आली. लाल कागद, चार ओळी: वर्ष, महिना, दिवस, घटका. पितरांच्या फळीवर धूपदाणीखाली ठेवली. आता तीन दिवस घरात काही वाईट घडता कामा नये. भांडण नको, चोरी नको, भांडं फुटायला नको. काही झालं तर पितरांना मुलगी नामंजूर, पत्रिका परत. वुनसेनची पत्रिकाही तिच्या घरी तशीच ठेवली आहे.

तुम्हाला हसू येईल, पण सकाळीच मी लग्नातली दहाही वाडगी जुन्या गोधडीत गुंडाळून पेटाऱ्यात ठेवली. जेवतेय लाकडी भांड्यात. मांजर जाऊबाईंच्या बाजूला हाकललं. त्यांनी ते परत हाकललं. मी मुकाट्यानं पुन्हा घेतलं आणि टोपलीखाली झाकलं. दुपारी त्यांच्या कोंबड्या माझ्या वाफ्यात शिरल्या, अर्धी कोथिंबीर फस्त. एरवी मी अख्खं गाव गोळा केलं असतं. आज म्हटलं, "खाऊ देत हो, मुकी जनावरं."

जाऊबाई दारात येऊन माझ्याकडे बघतच राहिल्या. "बरं नाही का तुला?"

तेविसावा दिवस

सगळं ठीक. दिवसभर मांजरासारखी पावलं टाकत फिरतेय. वुनसेनच्या खोलीशेजारची खोली झाडली, खिडकीला नवा कागद लावला. तिथं सकाळचं ऊन येतं, विणायला बरं.

लेखनिक असता तर हे लिहिलं नसतं, पण आता लेखणी माझ्याच हातात आहे. मला ती पोरगी हवी आहे. देवाशप्पथ हवी आहे. तिनं समोर बसून भात खावा, माझ्या पायांना नावं ठेवावीत, जाऊबाईंना चोख उत्तर द्यावं. दोघी मिळून मोहरीच्या पाल्याचं लोणचं घालू. एकटीपुरतं लोणचं घालून बघा कधी, बरणी संपेपर्यंत जीव विटतो.

चोविसावा दिवस

दुपारी एक वाडगं फुटलं. हात ओला होता. जाऊबाईंनी आवाज ऐकला, त्या साक्षीला आहेत. येन मावशीला निरोप धाडला, पत्रिका परत गेली.

आज एवढंच.

दहावा महिना, पाचवा दिवस

वुनसेनच्या वडिलांना,

उद्या फान काका निघतात. आधीची सगळी पत्रं या गठ्ठ्यात तशीच आहेत. पहिलं फाडून टाकावं असं मनात आलं होतं, त्यात मी फार खुशीत दिसते. पण राहू दे. मी खुशीत होते हे तुम्हालाही कळू दे.

माझा हात कोरडा होता.

त्या दिवशी सकाळी नदीवर कपडे धुवायला गेले तर पलीकडच्या काठावर याखिम. तीन दिवस दोन्ही घरांनी एकमेकांना भेटायचं नसतं. पण पाणी उथळ होतं, पोरगी विजार गुडघ्यापर्यंत वर करून सरळ आली मधल्या खडकापर्यंत.

"काकू, आमच्याकडे सगळं नीट आहे हं! मी मांजर बांधून ठेवलंय. सावत्र आईनं काल चिमटा काढला तरी ओरडले नाही."

मी म्हटलं, "मी मांजर टोपलीखाली ठेवलंय."

दोघी हसलो. मग ती खडकावर बसली आणि पाय पाण्यात सोडून म्हणाली, "काकू, तुमचा कोंबडा किती वर्षं जगला?"

"सहा."

"आणि मग?"

"मग काय, आता मीच पहाटे उठते."

तिनं पायानं पाणी उडवलं. मला वाटलं, आता काही तरी गमतीचं बोलेल. पण नाही. तोंड वर करून विचारलं, "ते येतील ना? म्हणजे तुमचा वुनसेन. म्हणजे… मी जोडे त्यांचेही शिवायला घेतलेत, माप मागून घ्याल का?"

मी म्हटलं, "येईल गं. दोन वर्षांत येईल. माणूस आधी जम बसवतो आणि मग घराकडे वळतो."

हे वाक्य माझं नाही. बावीस वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, सासूबाई मला हेच म्हणाल्या होत्या. हेच शब्द, याच चालीत, असंच दुसरीकडे बघत. मी ते पाठ केल्याचं मला ठाऊकही नव्हतं. त्या नदीत ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, आणि पोरीचा चेहरा उजळला. त्या दिवशी माझाही असाच उजळला असणार.

आणि तुम्ही तेव्हा पिनांगला काय करत होतात? तिकडचं लग्न करत होतात. ते मला तीन वर्षांनी कळलं. सासूबाईंना आधीपासून ठाऊक होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

आता मोज्यातल्या चिठ्ठीचं सांगते. वुनसेननं लिहिलं होतं, 'आई, इथं शेवया विकणाऱ्याची एक मुलगी आहे. बाबांजवळ बोलायची हिंमत नाही. तुम्ही जी निवडाल तिला मी नाही म्हणणार नाही. पण मी इथलं घर सोडून येईन असं वाटत नाही.' हे मी आठव्या महिन्यातच वाचलं होतं. वाचून घडी केली, मोज्यात घातली आणि येन मावशीला बोलावलं. दोन पेले चहा प्यायले. वाडगी गोधडीत बांधली. सगळं माहीत असताना, कारण मला सोबत हवी होती. सासूबाईंना मी आयुष्यभर बोल लावला, की सगळं ठाऊक असून मला आशेवर ठेवलं. त्यांनाही बिचारीला एकटं वाटत असेल. मामंजी तरी कुठे घरी होते, उभी हयात बांगकोकला. म्हातारपणी आले ते मरायला.

नदीवरून घरी आले. कपडे दोरीवर घातले. पेटारा उघडला, गोधडी सोडली आणि एक वाडगं हातात घेतलं. त्याला लाल मासोळीचं चित्र होतं. अंगणात दगडावर उभी राहिले, जाऊबाई दारात येईपर्यंत थांबले आणि मग ते सोडलं. नुसतं घसरून पडलं असं कोणी म्हणू नये म्हणून जरा जोरातच टाकलं.

जाऊबाई किंचाळल्या, "अगं तिसरा दिवस! संध्याकाळपर्यंत तरी धीर धरायचास! माझ्या पोराची सोयरीक!"

"तुमचं पोर तुम्ही मला दिलंत," मी म्हटलं. "आता हे वाडगंही माझंच."

त्या म्हणाल्या, "कपाळकरंटी आहेस तू." ते खरंही असेल. गावभर मीच सांगत सुटले की दोष आमच्याच घराचा, आमच्याच पितरांची मर्जी नाही, मुलीत काही खोट नाही. येन मावशी म्हणते, पोरीला अजून स्थळं येतील. येतील तेव्हा येतील. दात पाडणाराही येईल, ते माझ्या हातात नाही.

परवा बाजारात ती भेटली. टोपलीत सुरण घेऊन उभी होती. मी हाक मारली.

"वाडगं कसं फुटलं, काकू?"

"हात ओला होता."

तिनं माझ्या हाताकडे बघितलं, पायाकडे बघितलं. "तुम्हाला मी आवडले नाही, तर तसं सांगायचं. दोन पेले कशाला प्यायचे?" आणि वळून निघाली. मी तिला थांबवलं नाही. थांबवलं असतं तर सगळं सांगून बसले असते. मग ती म्हणाली असती, 'तरी मला चालेल, काकू.' ती तसं म्हणाली असती हो. घरी सावत्र आई चिमटे काढते, आणि माझ्याकडच्या खोलीत सकाळचं ऊन येतं. आणि मी तिला घरात घेतली असती.

काल येन मावशीनं एक पुडकं आणून दिलं. आत माझ्या मापाचा जोडा, निळं कापड, वर बारीक टाके. उजवाच. डावा झालाच नव्हता. घालून बघितला, पायात अगदी नीट बसला.

तर वुनसेनला सांगा की पत्रिका जुळली नाही. त्यानं शेवयावाल्याच्या मुलीशी लग्न करावं, आईची ना नाही. तो हसतमुखानं ऐकेल, आणि तुम्ही त्याच्यावर ओरडणार असाल तर आधी आरशात बघा. पितरांपुढची उदबत्ती मी जिवंत आहे तोवर लागेल. पुढचं पितरांनी बघावं, बावीस वर्षं मी त्यांचं बघितलं.

हे पत्र घराण्याच्या वडीलधाऱ्यांना दाखवायचं असेल तर दाखवा. पत्रिका असताना जाणूनबुजून भांडं फोडणारी सून त्यांनी कधी बघितली नसेल. तिकडच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यावर माझा राग नाही. तुमच्यावरही नाही, फारसा. एवढ्या थोड्या ओळखीवर माणूस किती रागावणार?

प्रकृतीला जपा. हे लेखनिकाचं वाक्य आहे, पण या वेळी मी लिहिलंय.

आणि या घरासाठी पुन्हा मुलगी शोधायला सांगू नका. पेटाऱ्यात अजून नऊ वाडगी आहेत. मला एकटीला एकच लागतं.

सुनमोई